कालचा पाव

"पाव कालचा घ्यायचा, रोझलिन. आजचा चिकटतो. वरची साल काढून टाकायची, आतला मऊ गाभा तेवढा घ्यायचा आणि कपाळावरून हनुवटीपर्यंत हलक्या हाताने फिरवत यायचं. ओलं फडकं कधी लावायचं नाही. आणि हे बघ, पुसताना त्याच्याकडे काही मागायचं नाही. वर्षभर मागतोच आपण. आजच्या दिवशी आपण द्यायचं."

जुलियानाआयला जाऊन दोन पावसाळे झाले होते, तरी उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेच्या सकाळी, पावाला हात लावला की सासूचा आवाज रोझलिनच्या कानाशी यायचाच. आवाजामागून आयचा हातही यायचा, शेवटच्या आजारातला, हाडांवर नुसती कातडी राहिलेला. त्या हाताने रोझलिनचं मनगट धरून आय म्हणाली होती, "बाकी काय चुकलं तरी चालेल ग. याचा पाव चुकवू नको." रोझलिनने मान हलवली होती. शब्द दिला तो तेवढाच, मानेने. पण आल्तारापुढे, प्रभूच्या वेदीपुढे हलवलेली मान होती ती.

आज गाभा काढून बशीत ठेवला होता आणि पुसायला संत योसेफची तसबीर मात्र भिंतीवर नव्हती.

ओटीवरच्या आल्तारामागे तिची जागा तेवढी उरली होती. भोवतालची भिंत मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली आणि मधे तो कोरा चौकोन. गेल्या पावसाळ्यात संत योसेफच्या दाढीवर पांढरी बुरशी चढली, तेव्हा लेकीने, टिफनीनेच माणूस शोधून काढलं होतं. एव्हरशाईन सिटीत राहणारी अश्लेषा नावाची मुलगी, जुन्या चित्रांची डागडुजी करते म्हणे. तसबीर मच्याडोंच्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडली. तेव्हाही सगळ्यांनी रोझलिनकडे बघितलं होतं, कारण या घरात शेत, वाडी, विहीर सगळं मुलांचं, पण तसबीर सुनेची. सासूकडून थोरल्या सुनेकडे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. रोझलिनने एकच अट घातली होती: उत्तम शुक्रवारी ती घरात पाहिजे.

त्याप्रमाणे अश्लेषा आज येणार होती. मात्र काल तिचा फोन आला होता. "काकू, उद्या सगळ्यांना बोलावून ठेवाल का? मला काहीतरी दाखवायचंय. वाईट नाहीये. पण सगळे असलेले बरे."

त्यावर रोझलिनने रात्रीच्या रोझरीच्या जपात एक 'नमो मरिया' जास्तीची घातली आणि झोपली.

देवळाच्या, गावच्या चर्चच्या घंटा कालपासून मुक्या होत्या; प्रभूच्या मरणाच्या दिवसांत त्या वाजवत नाहीत. उपासाचा दिवस, चूल थंड. स्टॅनी आणि कॅरल वाडीच्या पलीकडच्या आपल्या घरातून केळीतून चालत आले. स्टॅनी रोझलिनच्या नवऱ्याचा, एडवर्डचा, धाकटा भाऊ; कॅरल त्याची बायको. सातिवलीला प्लास्टिकचे क्रेट बनवायचा त्याचा कारखाना होता, आणि कुठेही गेला तरी तो भिंती, पत्रे, वायरिंग असं वर बघतच आत यायचा.

"काय वहिनी, चहासुद्धा नाही आज?"

"कोरा आहे. साखरेशिवाय."

"राहू दे. त्यापेक्षा मी पाप करतो," स्टॅनी म्हणाला, आणि कॅरलने त्याच्या दंडावर फटका मारला.

एडवर्ड आरामखुर्चीत पेपरामागे होता. जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे घरात काहीही घडणार असलं की त्याला आधी त्याची पार्श्वभूमी सांगावीशी वाटायची. "येतेय ती तर येऊ दे, पण तिला मी सांगणार आहे," तो म्हणाला. "ही तसबीर आमच्या खापरपणजोबांनी गोव्याहून गलबतातून आणली. वाटेत वादळ झालं. सगळा माल समुद्रात टाकला, पण ही..."

"...पण ही छातीशी धरली," टिफनीने पुढचं वाक्य पूर्ण केलं. "डॅडी, मागच्या वेळी गलबत दमणहून येत होतं."

"दमणला थांबलं होतं!"

अश्लेषा आली ती रिक्षाने, मांडीवर गाठोडं धरून, जसं कोणी बाळंतिणीकडून मूल आणावं. तिशीची, बारीक चणीची, नखांत रंग. तिने तसबीर जेवणाच्या टेबलावर ठेवली, वरचं सुती कापड सोडलं, आणि बाजूला झाली.

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. तो चेहरा एवढा उजळ असतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. धुराखालून आणि बुरशीखालून रापलेली तांबूस कातडी वर आली होती. गालफडं बसलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यांत उन्हाने पाडलेल्या घड्या. मागचं पिवळं तेजोवलय तसंच होतं, हातातली काठी आणि तिच्या टोकाचं पांढरं फूलही तसंच. पण डोक्याच्या डाव्या बाजूला, लांब केस होते तिथे, अश्लेषाने हातरुमालाएवढी जागा स्वच्छ केली होती. तिथे केस नव्हते आणि वलयही नव्हतं.

"हे लाल काय आहे?" कॅरलने विचारलं.

एडवर्ड चष्मा कपाळावर सरकवून वाकला. वाकला तो बराच वेळ तसाच राहिला. "टोपी," तो म्हणाला. "आपली टोपी. आजोबा घालायचे ती लाल टोपी."

"संत योसेफला आपली टोपी कशी?" स्टॅनी म्हणाला.

अश्लेषाने रोझलिनकडे बघितलं. "काकू, हा संत योसेफ नाही. वलय आणि केस नंतर कोणीतरी रंगवलेत. फूलसुद्धा. खाली एक साधा माणूस आहे. इथलाच असावा. आणि हे," तिने उजव्या कोपऱ्यात बोट नेलं, "ही सही नारायण नवलकरांची आहे."

नाव कोणाला ओळखीचं वाटलं नाही, टिफनी सोडून. ती किंचाळलीच. "म्युझियममध्ये ज्यांचं अख्खं दालन आहे ते?"

"तेच. पुढे त्यांनी गव्हर्नर रंगवले, संस्थानिक रंगवले. पण हे फार आधीचं काम आहे. मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये शिकत असतानाचं. ती मुलं किल्ल्याचे अवशेष रंगवायला वसईला यायची, कुठे कुठे उतरायची. हा माणूस त्यांना इथे भेटला असणार. त्यांचं याच्याआधीचं एकही माणसाचं चित्र मी बघितलेलं नाही." ती थांबली, मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? मी त्यांचे सगळे राजे बघितलेत. इतकं जीव लावून त्यांनी कोणालाच रंगवलं नाही."

"म्हणजे गोवा नाही," एडवर्ड म्हणाला.

"नाही, काका."

"दमणही नाही?"

टिफनीने तोंडावर हात ठेवला. एडवर्ड खुर्चीत जाऊन बसला. एवढं वादळ सोसून आलेलं गलबत त्याच्याच ओटीवर बुडालं होतं.

रोझलिन मात्र उभी होती तिथेच उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज पहाटे ती या चेहऱ्यापुढे मेणबत्ती लावत आली होती. एडवर्डची बदली, टिफनीचं दुखणं, स्वतःच्या पोटातली ती गाठ, सगळं तिने याला सांगितलेलं. काही गोष्टी तर पापनिवेदनात फादरांनाही सांगितल्या नव्हत्या. आणि तो कोण होता? कुठलातरी बाप्या. तिचे कान तापले. परक्या पुरुषापुढे इतकी वर्षं आपण काय काय बोलून गेलो!

आणि तरी लाजेच्या मागोमाग तिला दुसरंच काही वाटू लागलं. कोण असेल हा?

"बरं," स्टॅनीने हात चोळले. "आता पुढे काय? म्युझियमला कळवलंस का पोरी?"

"विचारल्याशिवाय कसं कळवणार? पण त्यांचं पुढच्या वर्षी नवलकरांवर मोठं प्रदर्शन आहे. ते नक्की मागतील. फक्त वरचं सगळं काढावं लागेल. वलय, केस, फूल."

"काढून टाक. खाली पाटी लागेल, 'मच्याडो कुटुंब, गिरीज, वसई यांच्याकडून'. नाहीतर आपल्याला ओळखतो कोण? सातिवलीत लोक मला क्रेटवाला म्हणतात."

"काढून टाक?" कॅरल खुर्चीवरून उठली. "काढून टाक काय? माझा पोरगा जॅक्सन कोणी दिला मला? डॉक्टरांनी हात टेकले होते. नऊ बुधवार मी इथे या फरशीवर गुडघे टेकलेत. आयने स्वतः मेणबत्ती लावून दिली होती. आणि तू म्हणतोस डोक्यावरचं वलय खरवडून टाक?"

"अगं, पण तो संत नाहीच आहे."

"मग जॅक्सन कोणी दिला? रहाटवाल्याने?"

ते तिच्या तोंडून सहज निघून गेलं. लाल टोपी आणि काठी म्हटल्यावर तिला विहिरीवरचा माणूसच आठवला असेल. पण एडवर्डने मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, भावजी. मी आपलं..."

"थांब, थांब." एडवर्ड पुन्हा टेबलाशी आला. "ही काठी बघा. संताची असती तर वर लांब असती, मेंढपाळासारखी. ही आखूड आहे, आणि खालून धरलीय. बैल हाकायची काठी ही! लहानपणी मला आजोबा रहाटावर बसवायचे. बैल फिरत राहिला पाहिजे. तो थांबला की पाटाचं पाणी थांबलं, आणि पाणी थांबलं की शिव्या." त्याने तसबिरीतल्या डोळ्यांकडे बघितलं. ते डोळे समोर बघतच नव्हते. बघणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे, जरा खाली बघत होते. "याला खुर्चीवर बसवलंय. पण लक्ष बैलाकडे आहे बघ याचं. चित्रकार म्हणतोय हलू नकोस, आणि हा बघतोय बैल थांबला का."

टिफनी आधी हसली, मग स्टॅनी, आणि मग कॅरलसुद्धा, डोळे पुसत. हसली नाही ती रोझलिन. नवी नवरी असताना तिला वाटायचं, संत योसेफ माझ्याकडे का बघत नाही? माझं काय चुकतंय? एका उपासकाळात तर तिने त्यासाठी महिनाभर मीठ सोडलं होतं. आणि हा बिचारा बैल बघत होता.

तिला आता बुजल्यासारखं वाटेना. पदर सावरून ती आत गेली आणि बशी घेऊन आली.

"आता पुसून घेऊ या," ती म्हणाली. "बाकीचं मग बोला."

"हे काय आहे काकू?"

"पाव. कालचा."

अश्लेषाने बशीवर हातच ठेवला. "नाही नाही, पाव नको! काकू, म्हणूनच तर... सगळ्या खाचांमध्ये मला पीठ सापडत होतं, कळत नव्हतं कुठून आलं. बुरशी त्याच्यावरच वाढली."

कॅरलने रोझलिनकडे चमकून बघितलं. रोझलिनचा चेहरा पांढरा पडला होता. दर वर्षी मायेने हात फिरवला, आणि त्याच हाताने त्याला बुरशी लावली?

पण अश्लेषाचाच हात सैल पडला होता. ती बशीतल्या गाभ्याकडे बघत होती. "एक मिनिट. साल काढलीय. आणि शिळा. काकू, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूने. तिला तिच्या सासूने."

"हे देवळातलं नाही. हे चित्रकारांचं आहे. जुने लोक तैलचित्र असंच साफ करायचे, शिळ्या पावाच्या गाभ्याने. आता कोणी करत नाही. पण घरातल्या बाईला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. नवलकरांनीच सांगितलं असणार. इथे, या घरात, कोणालातरी."

"कोणाला?" टिफनीने विचारलं.

रोझलिन खुर्ची ओढून बसली. ती बोलायला लागली की घरातले जरा पुढे वाकायचे, कारण तिचा आवाज लहान होता. "सासूने मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक पावाची. आणि पुसताना एक प्रार्थना म्हणायची. त्याच्याकडे मागायची नाही. फक्त तेवढी म्हणायची."

"कुठली ग?"

"हे प्रभू, त्याला चिरशांती दे, आणि तुझा अखंड प्रकाश त्याच्यावर पडू दे."

कॅरलने सवयीने 'आमेन' म्हटलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं. "वहिनी, ही मेलेल्यांची प्रार्थना."

"हो."

"संताला कोण म्हणतं ही? तो तर स्वर्गातच असतो."

"मी एकदा आयला विचारलं होतं. ती म्हणाली, आज प्रभू मेलाय ना, मग म्हणायची. मला पटलं. आता वाटतं, तिलासुद्धा तिच्या सासूने तेवढंच सांगितलं असेल." रोझलिनने तसबीर स्वतःकडे जराशी फिरवली. "अश्लेषा, वरचा रंग कोणाचा? नवलकरांचा नाही ना?"

"नाही. हात अजिबात शिकलेला नाही. आणि रंगही चित्रकाराचा नाही, घराबिराला लावतात तसला."

"क्रूसाला लावतात तसला?" गावच्या क्रूसाला सणाआधी दर वर्षी पांढरा, पिवळा आणि खालच्या पायरीला काळा रंग द्यायची रीत होती, उरलेले डबे कोणाच्या ना कोणाच्या घरी असायचेच.

"असू शकेल."

रोझलिनने बोट पांढऱ्या फुलाजवळ नेलं, टेकवलं नाही. आजवर काजळीखाली तो एक पांढरा ठिपका होता. सगळे त्याला लिली म्हणायचे, कारण देवळातल्या योसेफच्या हातात लिली होती. आता पाकळ्या दिसत होत्या. दोन रुंद, फुलपाखराच्या पंखांसारख्या, आणि मधून बाहेर आलेला लांब केसर.

"ही लिली नाही," ती म्हणाली. "जिने काढलं तिने खरी लिली कधी बघितलीच नसेल. हा सोनटक्का आहे. आपल्या विहिरीच्या पाटाला लागतो तो. जन्मभर वेण्या केल्यात मी याच्या."

"जिने?" स्टॅनी म्हणाला. "कोणी बाप्याने कशावरून नाही काढलं?"

"भावजी, तुमच्या आजोबांचा फोटो कुठे आहे?"

स्टॅनी गोंधळला. "कुठला?"

"चांगला मोठा होता, चौकटीतला. कोट घातलेला."

स्टॅनीने एडवर्डकडे बघितलं, एडवर्डने छताकडे. "माळ्यावर असेल," तो म्हणाला. "भाताच्या कणगीमागे. काच फुटली तेव्हा ठेवला होता."

"आणि याला का नाही कोणी माळ्यावर टाकला? आजोबांच्याही आधीचा हा. याचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही." रोझलिन थांबली, एवढं सलग ती वर्षात बोलत नसे. "नवऱ्याची तसबीर पोरं ठेवतील, नातवंडं ठेवतील. पुढे? पुढे माळा. त्या बाईला ते कळलं असेल. संताला मात्र कोणी माळ्यावर टाकत नाही. म्हणून क्रूसाचा उरलेला रंग घेतला आणि नवऱ्याच्या डोक्यावर वलय काढलं. हातात फूल दिलं. आणि तसबीर मुलाकडे न देता सुनेकडे दिली, कारण पुसणार होती ती सून. वर्षातून एक दिवस तरी कोणी त्याच्याकडे न मागता त्याच्यासाठी मागावं, एवढंच तिला पाहिजे असेल."

एडवर्डने पुन्हा एकदा माळ्याकडे बघितलं.

"पण एवढं कशाला?" टिफनी हलकेच म्हणाली. "थडगं असेल ना त्याचं. तिथे फूल ठेवायचं."

एडवर्डने घसा साफ केला. या वेळी त्याचा आवाज शाळेतला नव्हता. "नसेल थडगं. बापूस सांगायचा, आपल्या घरातला एक जण प्लेगात गेला. तेव्हा घरी आणू देत नव्हते, देवळात नेऊ देत नव्हते. दफनभूमीच्या मागच्या कोपऱ्यात चुना टाकून सगळ्यांना एकत्र पुरलं. अजून तिथे क्रूस नाही. गवत आहे नुसतं." मग मास्तर पुन्हा जागा झाला. "अर्थात तो हाच असेल, असं काही म्हणता येणार नाही."

"नसेलही," रोझलिन म्हणाली.

स्टॅनीने तसबिरीकडे पुन्हा बघितलं. पाटीचा विचार त्याच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता, पण आता तो जरा ओशाळला होता. "मग वहिनी? तसबीर तुमची आहे. काढायचं की ठेवायचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि कॅरल सगळ्यांत जास्त. कॅरलच्या नजरेत आता राग नव्हता, भीती होती.

रोझलिनने डोळे मिटले. तिने मनात 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.

"वलय काढ, बाळ," ती अश्लेषाला म्हणाली. "केसही काढ. त्याची टोपी त्याला दे. तिने ज्या भीतीने वलय रंगवलं ती भीती आता नाही. ज्याला सगळे बघायला येणार त्याला माळ्यावर कोण टाकेल? पण फुलाला हात लावायचा नाही."

"काकू, फूल नवलकरांचं नाहीये. म्युझियमवाले विचारतील."

"विचारू देत. सांग, बायकोने दिलंय. त्याच्या हातात फूल ठेवायची तिला दुसरी जागा नव्हती."

अश्लेषा फुलाकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली. "लिहीन तसं मी. सांभाळेन."

"आणि प्रदर्शन झालं की घरी आणायचा. पाव लावणार नाही, शब्द देते. पण त्यानंतरच्या प्रत्येक उत्तम शुक्रवारी तो इथे पाहिजे."

"बैल बघायला," स्टॅनी म्हणाला, आणि या वेळी रोझलिनही हसली.

स्टॅनी अश्लेषाला गाडीने सोडायला निघाला. तसबीर मागच्या सीटवर टिफनीच्या मांडीवर होती. टिफनी आत्तापासून तिला 'खापरपणजोबा' म्हणायला लागली होती, आणि एडवर्ड दारात उभा राहून, त्याला पुरावा लागतो, असं ओरडत होता.

कॅरल मात्र ओटीवरच राहिली होती, त्या कोऱ्या चौकोनासमोर.

"वहिनी, माझा नोव्हेना, नऊ बुधवारांची ती प्रार्थना, मग कोणी ऐकला?"

रोझलिनने तिच्या पाठीवर हात ठेवला. "ज्याचं नाव घेतलंस त्याने. तू 'संत योसेफ' अशीच हाक मारलीस ना? आपण भलत्याच्या दारात उभं राहून हाक मारली म्हणून त्याला ऐकू येत नाही होय?"

"आणि हा?"

"हा मधे उभा होता बिचारा. कदाचित यानेही सांगितलं असेल, अहो, ही बाई रोज येते, बघा जरा हिच्याकडे."

कॅरल रडता रडता हसली, नाक पुसलं, आणि घरी गेली.

तीन वाजता देवळात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होती. अजून ऊन डोक्यावर होतं. एडवर्ड खुर्चीत डोळे मिटून पडला होता. रोझलिनने टेबलावरची बशी उचलली. गाभा तसाच होता, कोणी हात न लावलेला. "याचा पाव चुकवू नको." पुसायचा तो आता पुन्हा कधीच नव्हता. पण मनगट धरून शब्द घेताना आयने पुसायचं कुठे म्हटलं होतं? आणि आजच्या दिवशी आपण द्यायचं, हेही तिनेच म्हटलं होतं.

तिने गाभा स्वच्छ रुमालात बांधला आणि मागच्या दाराने विहिरीवर गेली. रहाट कधीच गेला होता, विहिरीवर जाळी होती आणि पंप होता; पण बैल फिरून फिरून घट्ट झालेली गोल वाट अजून दिसायची, तिथे गवतही नीट उगवत नसे. पाटाच्या ओलीत सोनटक्क्याची हिरवी पानं दाटीने उभी होती. फुलं यायला पावसाळा जायला हवा होता.

ती खाली बसली. उत्तम शुक्रवारी मातीला लोखंड लावायचं नाही, हेही आयचंच. म्हणून खुरपं न घेता तिने बोटांनीच माती उकरली. ओली होती, सुटत गेली. आल्यासारखा एक गाठाळ कंद हाताला लागला, कोंब आलेला. तिने तो मातीसकट केळीच्या पानात गुंडाळला. आत्ता लावला तर पाऊस पडला की धरेल. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळ्या थडग्यांवर फुलं चढतील, तेव्हा मागच्या कोपऱ्यातही पांढरं काहीतरी उभं असेल. खाली तो असला तर त्याच्यासाठी. नसला तर जो असेल त्याच्यासाठी.

फाटक उघडताना करकरलं, आणि ओटीवरून एडवर्डचा झोपाळलेला आवाज आला. "रोझी? आत्ता कुठे? तीनला वेळ आहे अजून."

"पुढे होते," ती म्हणाली. "एकाचा पाव द्यायचा राहिलाय."

तिने डोक्यावर पदर घेतला, मातीने भरलेला हात पदराखाली धरला, आणि दफनभूमीच्या वाटेने चालायला लागली. ओठ हलत होते, पण ती कोणाकडे काहीच मागत नव्हती.